घरधनी दर्यावर, आणि माझा डोळा लागत नाही

मावशी,

नाव छापू नका, गावही नको. वसई तालुक्यातला एक कोळीवाडा समजा. आम्ही ख्रिस्ती कोळी. माझे वय ३६. नवरा स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख आहे, बरोबर सहा खलाशी असतात. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात अचानक वारा उठला, इंजिन बंद पडले आणि वायरलेसही लागेना. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटीचा पत्ता नव्हता. शेवटी दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणले. सगळे सुखरूप घरी आले, मी मात्र त्या रात्रीतून अजून घरी आलेली नाही. बोट गेली की माझी झोप जाते. रात्री तीन वाजता मोबाईलवर वाऱ्याचा नकाशा बघत बसते. मिस्सेत छाती धडधडते, हात गार पडतात. आमच्या प्रार्थना गटातली एक बाई म्हणाली, "पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे वचन आहे. तुला भीती वाटते म्हणजे तुझ्या विश्वासात खोट आहे. भीती सैतानाकडून येते." तेव्हापासून मिस्सेत कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायलाही मन धजत नाही. सासूबाई म्हणतात, माणूस दर्यावर असताना रडू नये, अपशकुन होतो. त्यात मुलगा चौदा वर्षांचा, मे महिन्यात बाबांबरोबर जाणार म्हणून हटून बसला आहे. मी त्याला माझी शपथ घातली आहे. कुणीतरी नऊ दिवसांची साखळी प्रार्थना पाठवली होती, नऊ जणांना पुढे पाठवायची. मी दोघांनाच पाठवली, तेही मनाला लागून राहिले आहे. माझा विश्वास खोटा आहे का? भीती जावी म्हणून कोणती प्रार्थना करू?

पोरी,

शेवटून सुरुवात करते, कारण ते सगळ्यात सोपे आहे. ती साखळी प्रार्थना पुसून टाक. नऊ जणांना मेसेज गेला नाही म्हणून सात माणसांची बोट बुडवणारा देव आपला नाही. असले काही पाठवणाऱ्याला माझ्यातर्फे दोन शब्द सुनाव, नाहीतर सोडून दे.

आता त्या बाईंचे वचन. वचन खरे आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, अठराव्या ओळीत आहे. पण बाईंनी सतराव्या ओळीवरून उडी मारली. सतराव्या ओळीत योहान न्यायाच्या दिवसाबद्दल बोलतो. देवासमोर उभे राहायची वेळ आली की शिक्षेच्या धाकाने थरथरू नका, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासमोर उभे राहता तसे उभे राहा, असे त्याचे म्हणणे आहे. अठराव्या ओळीतच पुढे तो शिक्षेचे नाव घेतो. ती भीती वेगळी आणि तुझी वेगळी. वारा सुटल्यावर नवऱ्यासाठी बायकोचा जीव खालीवर होतो त्याबद्दल योहानाने त्या ओळीत काही लिहिलेले नाही. आणि योहान स्वतः जब्दीचा मुलगा, मासेमाराच्या घरातला, हे आपली परंपरा सांगते. त्याच्या आईनेही रात्री काढल्या असतील.

हीच बाई तुला असेही सांगेल की बायबलमध्ये "भिऊ नका" हे शब्द ३६५ वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक. सगळीकडे फिरते हे. मोजायला बसलीस तर आकडा त्याच्या बराच खाली राहतो. मला त्या आकड्याचा राग नाही, पण त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. हे शब्द बहुतेक वेळी आधीच घाबरलेल्या माणसाला सांगितलेले आहेत. गब्रिएल दूत मरियेला म्हणाला, मेंढपाळांना दूत म्हणाला, रिकाम्या कबरीपाशी आलेल्या बायांना सांगितले गेले. त्यांच्यापैकी कुणालाही देवाने "तू घाबरलीस, म्हणजे तू बाद" असे म्हटले नाही. घाबरलेल्या मरियेच्याच पोटी देव जन्माला आला.

मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय तू शंभरदा ऐकला असशील. गालीलचे सरोवर, अंधार, मचवा पाण्याने भरतोय आणि प्रभू वरामावर, म्हणजे मचव्याच्या मागच्या टोकाला, उशी घेऊन झोपलाय. आपण हा उतारा नेहमी शेवटाकडून वाचतो. त्याने वाऱ्याला दटावले, सगळे निवांत झाले, हालेलुया. मला त्या शिष्यांनी त्याला उठवताना काय म्हटले ते जास्त महत्त्वाचे वाटते. "आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का?" ही प्रार्थना आहे, पोरी. हात जोडलेले नाहीत, स्तुती नाही, आधी पापांची कबुली नाही. सरळ तक्रार आहे, आणि तीही झोपलेल्या माणसाला हलवून. येशू त्यांना रागावला, हे खरे, पण केव्हा? आधी उठला, आधी वारा थांबवला, मग विचारले की तुम्ही असे भित्रे कसे. आधी भित्रेपणा सोडा, मग वादळ थांबवतो, अशी अट त्याने घातली नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत तिथे, ज्या कोळणीच्या नजरेतून सुटू नयेत. एक म्हणजे मार्क सांगतो की बरोबर दुसरेही मचवे होते. त्यांच्यावर येशू नव्हता, पण वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला. दुसरी म्हणजे वादळ शांत झाल्यावर मार्क लिहितो की शिष्यांना फार भीती वाटली. पाणी आरशासारखे झाले आणि ते अधिकच घाबरले. हा कोण माणूस, की वारासुद्धा याचे ऐकतो? म्हणजे त्यांचीही भीती संपली नाही, तिने जागा बदलली.

तुझ्या पत्रातली सगळ्यात दुखरी ओळ कम्युनियनची आहे, असे मला वाटते. नवऱ्याची काळजी वाटते ते ठीक. पण काळजी वाटते म्हणून आपण देवाला नकोशा झालो असे वाटणे, हे त्या बोटीच्या रात्रीपेक्षा तुला जास्त पोखरते आहे. भीती वाटणे हे पाप नाही, त्यामुळे पापनिवेदनात सांगण्यासारखे त्यात काही नाही. तरी एकदा फादरांना भेट, जाळीआड नको, समोर बसून सगळे सांग आणि पुढच्या रविवारी रांगेत उभी राहा. गेथशेमानेच्या बागेत आदल्या रात्री येशू स्वतः व्याकूळ झाला होता. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असे त्याने तीन मित्रांना सांगितले आणि जागे राहा म्हणाला. ते झोपले. त्याच्या विश्वासात खोट होती म्हणशील का? रक्ताच्या थेंबांसारखा घाम गळेपर्यंत घाबरलेला देव आपण त्या भाकरीत घेतो. थरथरत्या हाताने घेतलीस तर त्याला नवल वाटणार नाही.

आपला वसईचा गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मेला. १८६२ मध्ये पोपनी त्याला संत केले. आपल्याकडे त्याच्या सणाला प्रवचनात हमखास "निर्भय" हा शब्द येतो. मी तिथे बसून दरवर्षी मनात म्हणते, तुम्हाला कसे कळले? वसईहून जपानपर्यंत शिडाच्या जहाजाने गेलेला माणूस, त्याने वाटेत कितीदा डोळे मिटून नाव घेतले असेल ते त्याला आणि देवालाच ठाऊक. तो पळून गेला नाही एवढे आपल्याला माहीत आहे.

आता माझ्या आईचे सांगते. माझे बाबा तांडेल. मी लहान असताना शिडाची होडी होती, इंजिन नंतर आले. वायरलेस, मोबाईल, लाइफ जॅकेट यातले काहीच नव्हते. आम्ही पाच भावंडे. वारा फिरला की आईचा हात असा थरथरायचा की खाऱ्याला मीठ लावताना निम्मे सुपाबाहेर सांडायचे. मग ती उंबऱ्यावर बसून रोजरी धरायची. मोठ्याने म्हणायची, आणि दर दहा मण्यांनंतर मधेच मारियामातेशी भांडायची. मला एक वाक्य अजून पाठ आहे: "तुझा पोरगा तीन दिवस हरवला तेव्हा तू देवळाच्या गावापर्यंत परत धावत गेलीस ना? मग माझा माणूस शोधायला जा, उठ." बारा वर्षांचा येशू जेरुसलेमात मागे राहिला, त्याची ती गोष्ट. लूकने लिहिले आहे की मरिया आणि योसेफ कष्टी होऊन त्याला शोधत होते. आईला वाचता येत नव्हते, पण ही गोष्ट तिने बरोबर पकडली होती. मरियेला काळजीने पिळवटून टाकणारे तीन दिवस माहीत आहेत, तेव्हा तिच्याशी असे बोलता येते.

आणि रोजरी संपली की आई उठायची, चूल पेटवायची, आम्हाला जेवायला वाढायची आणि स्वतः चार घास खायची. बाबांचे ताट उपडे ठेवलेले असायचे. त्या चार घासांचा अर्थ मला फार उशिरा कळला, प्रेषितांची कृत्ये नीट वाचल्यावर.

सत्ताविसावा अध्याय. तो तू वाच, शक्य तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव, कारण बायबलमधला तो अध्याय आपल्या माणसांसाठीच लिहिल्यासारखा आहे. पौलाला कैदी म्हणून जहाजाने रोमला नेत आहेत. उपासाचा सण उलटून गेला होता, म्हणजे दर्यावर जायचे दिवस संपत आले होते. पौल म्हणाला, आता पुढे जाऊ नका, जहाजाचे आणि जिवांचे नुकसान होईल. सुभेदाराने त्याचे ऐकले नाही, जहाजाच्या मालकाचे आणि तांडेलाचे ऐकले. हे ऐकून तुला हसू येईल किंवा रडू. दोन दिवस दर्या बंद म्हटले की डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, सोसायटीचा हप्ता डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि शेजारच्याची बोट निघाली की आपलीही निघते. दोन हजार वर्षांपूर्वी हेच झाले.

मग वारा फिरला. पुष्कळ दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. माल समुद्रात टाकला. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखे वाटले, म्हणून त्यांनी दोर सोडून खोली मोजली. वीस वाव. थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव. खडकावर आपटू म्हणून मागून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट बघत बसले. लिहिणारा माणूस जहाजावर होता हे कळतेच. देवदूताने पौलाला रात्री येऊन "भिऊ नको" म्हटले होते. पण त्याच दूताने जहाज वाचेल असे सांगितले नाही. माणसे वाचतील, जहाज जाईल, असेच सांगितले. आणि पौलाने काय केले? खलाशी लहान होडी सोडून गुपचूप पळायच्या बेतात होते, ते त्याने ओळखले आणि शिपायांना सांगितले की हे गेले तर तुम्ही वाचणार नाही. वचन देवाचे होते, तरी जहाज हाकायला खलाशी लागत होते. मग उजाडताना त्याने भाकरी घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि सगळ्यांसमोर खाऊ लागला. चौदा दिवस काही खाल्ले नाहीत, आता खा, जगायला लागेल, म्हणाला. २७६ माणसे होती. सगळ्यांनी खाल्ले. नंतर जहाज वाळूत रुतून फुटले, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सगळे किनाऱ्याला लागले. माझ्या आईचे चार घास ते हे.

आणि पौल मुळात निधड्या छातीचा होता असे समजू नकोस. करिंथच्या लोकांना त्याने स्वतः लिहिले आहे की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, घाबरलेला आणि कापत होतो. त्यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की तीनदा माझे जहाज फुटले, एक रात्र आणि एक दिवस मी खोल समुद्रात काढला. रोमची ही सफर त्यानंतरची. म्हणजे एक रात्र अन् एक दिवस पाण्यात तरंगलेला माणूस पुन्हा जहाजावर चढला होता. तुझ्या नवऱ्यासारखाच. तुझा नवरा त्या ऑक्टोबरानंतर परत दर्यावर गेला, त्याला त्याबद्दल कधी विचारलेस का? मला वाटते, त्या घरात त्या रात्रीबद्दल तुम्ही दोघे अजून नीट बोललेलाच नाहीत. तुझ्या पूर्ण पत्रात तो काय म्हणतो याची एक ओळही नाही.

बोला. बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, त्यासाठी आहेत असे समज. बोट वर ओढलेली असते, माणूस घरात असतो, जाळी दुरुस्त होत असतात. तेव्हा एके दिवशी दोघांनी बसून ठरवायचे. इंजिन गेल्या वेळी का बंद पडले आणि आता त्याचे काय केले आहे. दुसरी बॅटरी आहे का. सातही जणांना लाइफ जॅकेट आहे का, आणि ते अंगावर असते की केबिनमध्ये गाठोड्यात. शेजारच्या कोणत्या बोटीबरोबर जोडीने जायचे. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येक खलाशाच्या आणि तुझ्याही फोनमध्ये आहे का. आणि सगळ्यात कठीण, म्हणजे हवामान खात्याने मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये म्हटले, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, तर हप्ता थकला तरी बोट निघणार नाही, हे त्याने तुला तोंडाने सांगायचे. फयान आले ते ११ नोव्हेंबर २००९ ला, निसर्ग ३ जून २०२० ला, तौक्ते २०२१ च्या मेमध्ये. पावसाळ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे हे दिवस अरबी समुद्रात दगा देतात, हे आपल्या म्हाताऱ्यांना आकडे न पाहता माहीत होते. तुझ्या भीतीला इथे काम आहे. बोट निघण्याआधी तिला बोलू दे, तिचे ऐक, नवऱ्यालाही ऐकव. हा अविश्वास नाही. पौलाने हेच केले होते, त्याचे ऐकले नाही हा भाग वेगळा.

पण एकदा बोट निघाली की तो रात्री तीनचा वाऱ्याचा नकाशा बंद. त्या वेळी जांभळा रंग बघून तू काही करू शकत नाहीस. तुझ्या बघण्याने वारा पडत नाही आणि तुझा नवरा तिथे तुझ्यापेक्षा चांगला वारा ओळखतो. बोट निघायच्या आधी अंदाज एकदा बघायचा, आणि निघाल्यावर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी वायरलेसवरून सोसायटीत किंवा कुणाच्या बोटीवर निरोप. तोही कधी चुकेल. रेंजचा भरवसा नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि तुलाही.

आता जे तू विचारलेले नाहीस पण पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे, ते. नाहीच आला परत, तर?

मी तुला "येईलच" असे सांगणार नाही. देवावर भरवसा ठेवणाऱ्या बायकांचे नवरेही दर्यात राहिले आहेत. तुझ्या वाड्यातच अशी घरे असतील, आणि त्या घरांत रोजरी कमी झाली नव्हती. जी शिकवण त्या बायांच्या तोंडावर सांगता येत नाही ती मी तुलाही सांगणार नाही. दानिएलाच्या पुस्तकात तीन पोरांना भट्टीत टाकणार असतात. ते राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवू शकतो. आणि लगेच पुढे म्हणतात, पण नाही सोडवले, तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. मला संपूर्ण बायबलमध्ये विश्वासाबद्दलचे हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटते. "पण नाही सोडवले, तरीही." हे वाक्य त्यांना तीन वर्षे आधीपासून रोज रात्री पाठ करावे लागले नव्हते. भट्टीसमोर उभे राहिले तेव्हा तोंडात आले. तू मात्र तीन वर्षे रोज रात्री त्याला बुडवते आहेस आणि रोज सकाळी तो जिवंत परत येतो आहे. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, हे प्रभूने डोंगरावर सांगितले ते उगीच नव्हे. त्या दिवसाचे बळ त्या दिवशी मिळेल. आज रात्री ते मागू नकोस, आज मिळणार नाही, आणि मिळत नाही म्हणून देव नाही असे वाटेल.

प्रार्थना कोणती, विचारलेस. छप्पन्नाव्या स्तोत्रात आहे की मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. वाटते तेव्हा. ते कुठल्याही रात्री म्हणता येते. रात्री जाग आली की उठून दिवा लावू नकोस. श्वास आत घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "दया कर". सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब. दुसरे काही म्हणायचे नाही, काही मागायचे नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांत येशूचे नाव असे श्वासावर घ्यायची फार जुनी चाल आहे. लांब उच्छ्वासाने छातीची धडधड उतरते, हे तुला कोणताही डॉक्टर सांगेल. आणि झोपायच्या आधी, मुलाला जवळ घेऊन एकच ओळ: प्रभो, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो. क्रुसावरच्या येशूने म्हटली ती. ख्रिस्तसभेच्या रात्रीच्या प्रार्थनेत ती रोज असते, कारण झोपणे म्हणजेही पहारा सोडून देणे आहे. तू नवऱ्याचे नाव घालून म्हण. पहारा तू तीन वर्षे केलास, आता ज्याला झोप लागत नाही त्याला करू दे. स्तोत्रकर्ता म्हणतोच की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही. (मचव्यात एकदा घेतली होती. पण उठवता आले.)

आणि डॉक्टरकडे जा. हे मी शेवटी लिहिते आहे म्हणून कमी महत्त्वाचे समजू नकोस. तीन वर्षे झोप नाही, हात गार पडतात, मिस्सेत धडधडते, म्हणजे त्या रात्रीचा धक्का अजून शरीरात अडकला आहे. आधी साध्या डॉक्टरकडून रक्त आणि थायरॉइड तपासून घे, त्यांच्या बिघाडानेही छाती धडधडते. मग मनाच्या डॉक्टरकडे. जाणे अवघड वाटले तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. प्रार्थना गटात त्यावर कुणी नाक मुरडले तर सांग की ही जहाज फुटल्याची सगळी गोष्ट ज्याने लिहिली तो लूक परंपरेने वैद्य मानला जातो. पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. पौलाच्या बोटीवर देवदूतही आला आणि डॉक्टरही होता.

मुलाचे थोडक्यात. शपथ मागे घे. चौदाव्या वर्षी पोराला शाळा सोडून खलाशी करणे मला अजिबात मान्य नाही आणि तुझा नवराही तसे म्हणत नसावा. पण दर्याचे नाव काढले की आई रडते एवढेच तो शिकला तर एक दिवस तुला न सांगता जाईल. मेच्या सुरुवातीला, अंदाज स्वच्छ असताना, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, लाइफ जॅकेट अंगावर, बाप शेजारी. त्याआधी पोहणे पक्के. आणि परत आल्यावर त्याला विचार, बाबा भितात का ते. मला उत्तर जाणून घ्यायला आवडेल.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनीही उंबऱ्यावर रात्री काढल्या आहेत, आणि बहुधा त्यांना कुणी रडू दिले नाही. ऑगस्टमध्ये बोटी परत पाण्यात लोटतील, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतील, तेव्हा तू घरात लपून बसू नकोस, किनाऱ्यावर जा. नवऱ्याला डबा दे. रडू आले तर तिथेच रड, सगळ्यांसमोर. सासूबाई डोळे वटारतील तेव्हा त्यांना माझे नाव सांग, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांना वाढ आणि तूही चार घास खा.

तुझी
मावशी